जुनी गुणपत्रिका, नवी परीक्षा : कॅलिफोर्नियातील नर्सिंग प्रवेशाचे गणित

अमेरिकेत परिचारिकांचा तुटवडा आहे, हे विधान आता इतके रुळले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणाला भासत नाही. रुग्णालये जाहिराती देतात, पुढारी भाषणांत उल्लेख करतात आणि विद्यापीठातून एखाद-दुसऱ्या विषयात नापास होऊन घरी परतलेल्या मुलाच्या आईवडिलांना कोणीतरी सहज सुचवून जाते, ‘नर्सिंगला घाला, तिथे माणसे हवीच आहेत.’ माणसे हवी आहेत हे खरे. त्यांना घडवणाऱ्या वर्गांत जागा नाहीत, हेही तितकेच खरे. नर्सिंग महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या गणनेनुसार २०२३ या एका वर्षात पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांनी पात्रता पूर्ण करणारे ६५,७६६ अर्ज नाकारले. एकच उमेदवार चार-पाच ठिकाणी अर्ज करतो, त्यामुळे हा आकडा माणसांचा नसून अर्जांचा आहे, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही जिथे पात्र ठरलेल्यांनाच परत फिरावे लागते, तिथे ज्याची गुणपत्रिका आधीच डागाळलेली आहे त्याने कोणत्या बळावर उभे राहावे, हा प्रश्न उरतोच.

जागा वाढत नाहीत याची कारणे गूढ नाहीत. शिकवण्यासाठी सामान्यतः पदव्युत्तर पदवी लागते आणि तेवढे शिकलेल्या परिचारिकेला रुग्णालयात अध्यापनापेक्षा अधिक वेतन मिळते. शिवाय विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्णांजवळ शिकता येईल असे वॉर्ड मोजकेच, आणि त्यांवर अनेक महाविद्यालयांचा दावा. त्यात आता नवी भर पडली आहे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या संघराज्यीय कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावर १ जुलै २०२६ पासून वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलरची मर्यादा घातली. ‘व्यावसायिक’ पदव्यांसाठी हीच मर्यादा ५०,००० आणि २,००,००० डॉलर आहे. शिक्षण विभागाच्या समितीत नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्या व्याख्येवर सहमती झाली, तिच्यात वैद्यक आणि कायदा यांना व्यावसायिक पदवीचा मान मिळाला, नर्सिंगला मिळाला नाही. उद्याचे प्राध्यापक ज्या वाटेने यायचे, तीच वाट अशाने अरुंद होते. त्याचे परिणाम पहिल्या वर्षाच्या वर्गापर्यंत पोहोचायला काही वर्षे लागतील, इतकेच.

कॅलिफोर्नियात या वर्गात शिरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग सामुदायिक महाविद्यालयांतून जातो. राज्यातील रहिवाशाला तिथे एका युनिटसाठी ४६ डॉलर पडतात आणि दोन वर्षांची सहयोगी पदवी घेऊन परिचारिकेच्या परवाना परीक्षेला बसता येते. त्या दोन वर्षांआधीची शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांची तयारी मात्र हिशेबात धरावीच लागते. मराठी कुटुंबांतून या मार्गाकडे वळणाऱ्यांत दोन तऱ्हा ठळक दिसतात. एक, येथेच वाढलेली मुले, जी डॉक्टर होण्याच्या इराद्याने विद्यापीठात गेली आणि सेंद्रिय रसायनशास्त्रात किंवा एखाद्या खडतर सत्रात कोलमडली. दुसरी, लग्नानंतर इकडे आलेल्या स्त्रिया, ज्यांची पुण्या-नाशिकची विज्ञानाची पदवी वीस वर्षे कपाटात पडून आहे. पहिल्यांच्या मागे नापासाची नोंद असते, दुसऱ्यांच्या मागे खंड. प्रवेशयंत्रणा या दोहोंना सारखी वागणूक देत नाही.

या यंत्रणेचा गाभा आहे राज्याच्या सामुदायिक महाविद्यालयांसाठी तयार झालेले एक सूत्र. त्यात चार गोष्टी येतात : महाविद्यालयीन शिक्षणाचा एकूण जीपीए, इंग्रजीचा जीपीए, वर उल्लेखिलेल्या तीन जीवशास्त्रीय विषयांचा जीपीए, आणि हे तीन विषय किती वेळा पुन्हा घ्यावे लागले त्याची संख्या. चौथा घटक उमेदवाराच्या विरुद्ध जातो. एकोणिसाव्या वर्षी शरीररचनाशास्त्रात नापास होऊन बत्तिसाव्या वर्षी त्यातच ‘ए’ श्रेणी मिळवणाऱ्या व्यक्तीची पुनरावृत्ती आणि गेल्या वर्षी नापास होऊन यंदा जेमतेम निभावलेल्याची पुनरावृत्ती या सूत्रात एकाच मापाने मोजल्या जातात. हा अन्याय आहे, आणि तो निव्वळ आकडेमोडीच्या सोयीसाठी चालू आहे असे म्हणावे लागते.

महाविद्यालये इतकी काटेकोर का, याचेही उत्तर आहे. प्रथमच परवाना परीक्षेला बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी किमान ७५ टक्के उत्तीर्ण झाले पाहिजेत, अशी राज्याच्या नर्सिंग मंडळाची अट असते. ती सतत हुकली तर मान्यताच धोक्यात येते. त्यामुळे जो उमेदवार जोखमीचा वाटतो, त्याला आधीच दूर ठेवण्याकडे कल झुकतो.

पुन्हा विषय घेण्याचे नियमही नीट समजून घ्यावे लागतात. ‘डी’ किंवा ‘एफ’ श्रेणी आली तर तो विषय त्या महाविद्यालयात सर्वसाधारणपणे आणखी दोनदा घेता येतो. अर्ध्यावर सोडून ‘डब्ल्यू’ घेतला, तर तोही एक प्रयत्न धरला जातो. ‘सी’ मिळालेल्याची गोष्ट सर्वांत विचित्र : तो उत्तीर्ण असल्यामुळे त्याला विषय पुन्हा घेता येत नाही, आणि ‘सी’ असल्यामुळे स्पर्धेत त्याचा निभाव लागत नाही. सत्राच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच अशा विद्यार्थ्याने समुपदेशकाला गाठले पाहिजे. निकालानंतर गाठून उपयोग नसतो. जुन्या नापास श्रेणी जीपीएमधून वगळण्याची सोयही आहे. तिला ‘अकॅडेमिक रिन्यूअल’ म्हणतात आणि ती प्रत्येक महाविद्यालयाच्या धोरणानुसार अर्ज करून मागावी लागते. श्रेणी गुणपत्रिकेवर वाचता येईल अशीच राहते, फक्त मोजली जात नाही. एका महाविद्यालयाने दिलेली सवलत दुसरे मानेलच असे नाही, म्हणून जिथे अर्ज करायचा तिथला नियम लेखी विचारून घ्यावा. परदेशी पदवी घेऊन आलेल्यांना अनेकदा ऐकावे लागते की तिकडचे विज्ञानविषय येथे चालणार नाहीत. ते कानाला कडू लागते, पण त्यात एक फायदा दडलेला आहे : त्यांची येथील पाटी कोरी असते.

अशा परिस्थितीत प्रवेश परीक्षेचे महत्त्व वेगळ्या कारणाने वाढते. जुन्या श्रेणी बदलता येत नाहीत. ‘टीज’ या परीक्षेतील गुण हा उमेदवार आज काय करू शकतो याचा पुरावा असतो. जून २०२२ पासून तिची सातवी आवृत्ती चालू आहे. २०९ मिनिटांत १७० प्रश्न सोडवायचे असतात, त्यांपैकी २० प्रश्न केवळ चाचणीपुरते असतात आणि १५० चे गुण धरले जातात. वाचनाचे ४५ प्रश्न ५५ मिनिटांत, गणिताचे ३८ प्रश्न ५७ मिनिटांत, विज्ञानाचे ५० प्रश्न एका तासात, तर इंग्रजी भाषावापराचे ३७ प्रश्न ३७ मिनिटांत. कॅलिफोर्नियाच्या सामुदायिक महाविद्यालयांत उत्तीर्णतेची रेषा ६२ टक्क्यांवर आहे.

ही रेषा फसवी आहे. काही महाविद्यालये उमेदवाराचा पहिलाच उत्तीर्ण निकाल ग्राह्य धरतात. ‘एकदा बसून अंदाज घेऊ’ म्हणून तयारीविना गेलेल्याला ६४ टक्के मिळाले, तर तेच गुण त्याच्या गळ्यात पडू शकतात, आणि शेजारच्या अर्जावर ८५ असताना त्यांची किंमत फारशी उरत नाही. नापास होण्यापेक्षा जेमतेम पास होणे महागात पडते, अशा थोड्या परीक्षांपैकी ही एक. सराव चाचण्या घरी द्याव्यात. खऱ्या परीक्षेचा उपयोग सरावासाठी करू नये.

तयारीचा क्रमही विषयांच्या वजनावरून ठरवायला हवा. विज्ञानाच्या ४४ गुणपात्र प्रश्नांपैकी १८ शरीररचना व शरीरक्रियाशास्त्रावर असतात. म्हणून ते दोन्ही विषय वर्गात पूर्ण होताच, ज्ञान ताजे असताना परीक्षा द्यावी. भारतात दहावीपर्यंत शिकलेल्यांना येथील गणित फारसे जड जात नाही. साधा गणकयंत्राचा पडदा मिळतो, गुणोत्तर-प्रमाण आणि टक्केवारी हातात बसलेली असते. अडचण येते ती पौंड, औंस, इंच आणि गॅलन यांच्या रूपांतरांत, कारण मेट्रिक मापांत वाढलेल्या मेंदूला ती परकीच राहतात. इंग्रजीत एका प्रश्नाला एकच मिनिट मिळत असल्याने व्याकरणाचा नियम आठवण्यास सवड नसते. कान तयार असावा लागतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी सर्वांत जास्त वेळ या भागाला आणि वाचनाला द्यावा. येथेच वाढलेल्या मुलांना भाषेची भीती नसते, पण त्यांची मूळ दुखणी बहुधा वेगळी असतात : वेळापत्रक, झोप, नोकरीचे तास, आणि नापास झाल्यापासून पुस्तक उघडताच येणारी धास्ती. शिकवणी लावून ही धास्ती जात नाही. ज्या विद्यार्थ्याला आपण का कोसळलो हे सांगता येत नाही, तो नव्या विषयातही त्याच जागी घसरण्याचा धोका असतो.

हे ‘का’ सांगता येणे अर्जातही कामाला येते. राज्याच्या शिक्षण संहितेने महाविद्यालयांना २००८ पासून बहुनिकष निवडीची मुभा दिली. त्यात श्रेणींबरोबर आधीची पदवी, रुग्णसेवेचा अनुभव, कौटुंबिक अडचणी, कमी उत्पन्न, अपंगत्व, नोकरी करत शिकावे लागणे, अशा परिस्थितींनाही गुण देता येतात. आणखी एक निकष आहे, इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेवरील प्रभुत्व. त्या भाषांच्या यादीत स्पॅनिश, अरबी, चिनी यांच्यासोबत भारतीय उपखंडातील भाषांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे मराठी येणे हे येथे केवळ आजीशी बोलण्याचे साधन राहत नाही. किती गुण आणि कोणता पुरावा, हे प्रत्येक महाविद्यालय ठरवते. पण निकष आहे हेच अनेक घरांना ठाऊक नसते.

परिस्थितीच्या गुणांबाबत मराठी घरांची अडचण निराळी. वडिलांची नोकरी गेली, आईचे आजारपण निघाले, मुलाला नैराश्याने ग्रासले, या गोष्टी कागदावर मांडणे म्हणजे घरची लक्तरे वेशीवर टांगणे, असा समज खोल रुजलेला आहे. परिणामी ज्या कारणासाठी कायद्याने जागा ठेवली, तेच कारण अर्जातून गाळले जाते आणि मागे उरते ती उघडी ‘एफ’ श्रेणी. नर्सिंगकडे पाहण्याची जुनी दृष्टीही यात मिसळलेली आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनातून मुलींना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा त्या कामाला मध्यमवर्गीय घरांत हलके समजले जाई. शतक उलटले तरी ‘डॉक्टर होता आले नाही म्हणून नर्स’ हे वाक्य सॅन होजे-फ्रीमाँटच्या दिवाणखान्यांत ऐकू येते, आणि त्या वाक्याखाली तयारी करणाऱ्या मुलाचा अर्धा जोर आधीच संपलेला असतो.

हताश झालेल्यांना हेरणारेही असतात. अमेरिकेच्या न्याय विभागाने जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आणलेल्या प्रकरणात फ्लोरिडातील तीन संस्थांच्या नावाने ७,६०० हून अधिक बनावट पदव्या विकल्या गेल्याचा आरोप होता आणि २५ जणांवर खटले भरले गेले. ‘प्रवेश परीक्षा नाही, प्रतीक्षा नाही’ अशी जाहिरात दिसली की राज्याच्या नर्सिंग मंडळाच्या संकेतस्थळावर त्या संस्थेला मान्यता आहे का, आणि तिच्या विद्यार्थ्यांपैकी किती टक्के परवाना परीक्षेत उत्तीर्ण होतात, हे पाहावे. दोन्ही माहिती तिथे खुली असते.

एच-४ व्हिसावरील कुटुंबांनी आणखी एक गोष्ट अर्जाआधीच तपासावी. या व्हिसावर शिक्षण घेता येते, पण परवाना मिळाला म्हणून काम करण्याची परवानगी मिळत नाही. जोडीदाराला ती स्वतंत्रपणे मागावी लागते, आणि सामान्यतः ग्रीन कार्डच्या अर्जाचा एक टप्पा मंजूर झाल्यावरच ती मिळते. मुलांना ती मिळतच नाही, शिवाय एकविसाव्या वर्षी त्यांचा एच-४ दर्जाही संपतो. पूर्वतयारीचे विषय, प्रवेशाची प्रतीक्षा आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम यांची बेरीज करून ती तारीख आधी कॅलेंडरवर मांडावी, मग टीजची तारीख घ्यावी.