सात दिवस, एकच काठ



दिवाळीची सुटी सरली, की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार घेऊन माणसे येऊ लागतात. ‘डॉक्टर, आठ दिवस हिंडून आलो, पण अंगातला शीण काही जात नाही.’ प्रवासाचा आराखडा विचारला की उलगडा होतो. पहाटे चारला घर सोडले, सकाळी शिर्डी, दुपारी शनिशिंगणापूर, रात्री संभाजीनगर, दुसऱ्या दिवशी वेरूळ आणि लगेच पुढचा घाट. सहा रात्री, सहा बिछाने. यास सुटी म्हणावे की बदलीवरील नोकरी, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

अलीकडे हीच मंडळी आणखी एक प्रश्न विचारतात: कॅराव्हॅन भाड्याने घ्यावी का? झोपण्याच्या फळ्या, छोटा ओटा आणि शौचालय पोटात घेऊन चालणारी ही गाडी आता आपल्याकडेही मिळू लागली आहे. राज्य शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. माझे उत्तर असे असते की, घ्यावी. परंतु ती उभी करण्यासाठी घ्यावी. अंथरूण-पांघरूण बरोबर असल्यामुळे आणखी चार ठिकाणे उरकता येतील, असा हिशेब मनात असेल, तर साधी जीप स्वस्त पडेल आणि थकवा तेवढाच येईल.

हौसेसाठी चाकांवर घर बांधण्याची कल्पना रूढ होण्यात एका वैद्याचा मोठा वाटा आहे, हे फारसे कुणास ठाऊक नसते. गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सक. प्रकृती बिघडल्याने त्यांना नौदल सोडावे लागले. पुढे 1885 साली त्यांनी ब्रिस्टल येथील कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून थेट स्कॉटलंडमधील इनव्हर्नेसपर्यंत प्रवास केला. गाडीचे वजन दोन टनांच्या आसपास आणि ओढणारे घोडे दोन. चढ आला की वेग माणसाच्या चालीइतकाच उरत असणार. या प्रवासावरील पुस्तकात त्यांनी असे हिंडणे आरोग्यास कसे मानवते, याविषयी आवर्जून लिहिले. मला वाटते, त्या गुणाचे निम्मे श्रेय घोड्यांच्या मंदपणास द्यावे लागेल. आपल्या गाडीला डिझेलचे इंजिन असते. मंदपणा आपल्यालाच आणावा लागतो.

आता सातच दिवस का, ते पाहू. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी 2013 साली एक छोटा, पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. आठ जणांची एका आठवड्याची नेहमीची दिनचर्या त्यांनी नोंदवली आणि मग त्यांनाच एक आठवडा रॉकी पर्वतात तंबूत ठेवले. उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा, विजेरीसुद्धा वर्ज्य. आठवड्याच्या अखेरीस या मंडळींच्या शरीरातील ‘रात्र’, म्हणजे मेलॅटोनिन हे निद्रेचे संप्रेरक वाढू लागण्याची वेळ, सुमारे दोन तास अलीकडे सरकली होती. त्याच वर्षी नेदरलँड्समधील येसिका दे ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 54 नोकरदारांच्या दीर्घ सुट्यांचा अभ्यास मांडला. सुटी सुरू होताच या लोकांना बरे वाटू लागले आणि त्या वाटण्याचा कळस आठव्या दिवशी गाठला गेला. दोन्ही अभ्यास लहान आहेत, हे मान्य. तरीही माझ्या रुग्णांचा अनुभव त्यांच्याशी जुळतो. मन सैलावण्यास वेळ लागतो, आणि आपण नेमके ते सैलावू लागले की सामान बांधतो.

गेल्या जानेवारीत आम्ही घरची पाच माणसे अशा गाडीतून भंडारदऱ्यास गेलो. नगरहून संगमनेर, अकोले, राजूर असा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता. प्रवरेवरील विल्सन धरण 1926 साली पूर्ण झाले. त्याच्या मागे पसरलेला जलाशय आणि भोवती सह्याद्रीच्या रांगा. शेंडी गावाजवळ, मालकाची परवानगी घेऊन, एका शेताच्या कडेला आम्ही गाडी लावली आणि सात दिवस तिचे चाक हलवायचे नाही, असे ठरवले.

पहिले दोन दिवस वाईट गेले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सुटीच्या वर्णनांतून ते नेहमी वगळले जातात. माझा थोरला भाऊ रक्तदाबाचा रुग्ण. पंधरा वर्षे रात्री बारापूर्वी झोपलेला नाही. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदू पुरता झोपत नाही, ही शास्त्राने पडताळलेली गोष्ट आहे. त्यात फोनला धड रेंज नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, ‘इथे करायचे काय? उद्या त्र्यंबकेश्वर तरी उरकू.’ आईने त्याच्यासमोर वालाच्या शेंगांची टोपली ठेवली आणि म्हणाली, ‘अरे, या सोल.’ त्याने त्या सोलल्या. रागानेच, पण सोलल्या.

जानेवारीत तिथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास डोंगराआड जातो आणि अंधार खरोखरीचा असतो. गाडीतला एक मंद दिवा सोडून आम्ही बाकीचे मालवत असू. तिसऱ्या रात्री भाऊ साडेनऊला पेंगू लागला. चौथ्या दिवशी सकाळी मी त्याचा रक्तदाब मोजला. आकडा मुद्दाम सांगत नाही. एका माणसाच्या एका सकाळच्या आकड्यावरून कोणी औषध बंद करू नये. तो स्वतःहून पाण्याच्या कडेने चालून आला होता, एवढेच सांगतो.

त्या आठवड्यात आम्ही ‘पाहिले’ ते फारच थोडे. एका दिवशी एसटीने आणि थोडे पायी असे रतनवाडीस जाऊन अमृतेश्वराचे मंदिर पाहिले. कळसूबाई, 1646 मीटर, राज्यातले सर्वोच्च शिखर, समोर दिसत होते. ते दिसतच राहू दिले. जेवण मात्र उत्तम झाले. शेजारच्या घरातून नाचणीची भाकरी, वरईचा भात आणि वालाचे कालवण रीतसर पैसे देऊन घेत असू. याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बियाणे जतन केले आणि त्यासाठी 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. इथल्या वालाची चव घेतली, म्हणजे त्या बियाण्यांत जपण्यासारखे काय आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. पाकीटबंद खाद्याच्या पिशव्या घरून वाहून नेण्याची गरज नाही.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. पाचव्या रात्री थंडी फार होती. आई कुडकुडत होती, म्हणून धाकट्या भावाने पेटलेल्या कोळशाची शेगडी गाडीत आणली. भावना चांगली, पण मी ती तत्क्षणी बाहेर काढावयास लावली आणि दारे-खिडक्या उघडल्या. आईने अर्धा तास माझ्याशी अबोला धरला. कोळसा, गॅस किंवा डिझेल अपुरे जळाले की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आणि झोपेत असलेल्या माणसाला ही लक्षणे कळतही नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये चालक आणि त्याचा सहकारी असे दोघे मृतावस्थेत सापडले. चालू जनरेटरचा हाच वायू आत शिरला होता. म्हणून गाडीत माणसे झोपलेली असताना इंजिन वा जनरेटर चालू ठेवू नये, शेगडी आत आणू नये, आतल्या ओट्यावर स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी, आणि या वायूची सूचना देणारे यंत्र गाडीत बसवलेले नसेल तर दुसरी गाडी पाहावी. थंडीसाठी लोकरीचे कपडे, दोन रजया आणि गरम पाण्याची पिशवी पुरते. आमच्या आईला पुरली.

इतर खबरदारी थोडक्यात सांगतो. इन्शुलिन बंद गाडीच्या उन्हात तापू देऊ नका. अंधारात विजेरीशिवाय गवतात पाय टाकू नका. सर्पदंश झालाच, तर मांत्रिक नको, जखमेवर चिरा नको, 108 ला फोन आणि थेट रुग्णालय. फोन कुठे लागतो ती जागा पहिल्याच दिवशी हेरून ठेवा. जलाशयात पोहण्याचा मोह टाळा. शौचालयाची टाकी ओढ्यात रिकामी करणे हा तर गुन्हाच मानला पाहिजे. तेच पाणी खालची गावे पितात. काजव्यांच्या दिवसांत, मेअखेर ते जूनमध्ये, तिथे इतकी गर्दी आणि दिव्यांचा लखलखाट असतो, की तो आठवडा विश्रांतीसाठी निवडू नये. काजव्यांवरही उपकार होतील.

एक गोष्ट मात्र आधी माझ्याही लक्षात आली नव्हती. विलायतेत कुटुंब स्वतःच घरगाडी चालवते. आपल्याकडे गाडीसोबत चालक येतो. आमचा चालक सलग तीन फेऱ्या करून आला होता आणि पहिल्या रात्री तो स्टिअरिंगवर डोके टेकून झोपलेला मला दिसला. गाडीत पाच बिछाने, माणसे सहा. दुसऱ्या दिवशी गावात त्याच्यासाठी एक खोली घेतली. त्यानंतरचे दोन दिवस तो जवळजवळ अखंड झोपला. परतीच्या वाटेवर राजूरचा घाट त्याने ज्या शांतपणे उतरवला, त्यावरून त्या खोलीचे भाडे वसूल झाले, असे मला वाटले. गाडी ठरवताना भाडे, पाण्याची टाकी, विजेची सोय हे सारे आपण विचारालच. चालक कुठे झोपणार, हेही विचारा.

दे ब्लूम यांच्या अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे: सुटीचा गुण कामावर रुजू झाल्यानंतर पहिल्याच आठवड्यात ओसरतो. आमच्याकडेही बराचसा ओसरला. भावाची झोप पुन्हा अकरावर गेली आहे. बारावर मात्र अजून गेलेली नाही. फोनचा चार्जर त्याने उशालगतच्या खणातून काढून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आहे. आणि वालाच्या शेंगा आणल्या, की आई टोपली न बोलता त्याच्यासमोर सरकवते.