राउटरचे बिट घेताना आधी दांडी बघा, मग धार



मागच्या महिन्यात आम्ही लाकूड वाळवण्याविषयी लिहिले होते. त्यानंतर बऱ्याच घरांतून एकच प्रश्न आला. मुलाने लहान राउटर, म्हणजे आपले सुतार ज्याला ट्रिमर म्हणतात ते यंत्र, घेतले आहे. आता त्याला बिटे कोणती घ्यावीत? काही भगिनींनी विचारले आहे, की बारा बिटांची पेटी स्वस्तात मिळते, ती घेतली तर चालेल का. या प्रश्नाचे उत्तर आम्ही वर्षभरापूर्वी एकाला चुकीचे दिले होते. त्याची भरपाई म्हणून हा महिना याच विषयाला.

ज्याला चुकीचे उत्तर दिले तो आमचा सख्खा भाचा. आमच्या चकलांब्यातून, आणि सगळ्या गेवराई तालुक्यातून, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतली की सहा महिने कोयता हातात. भाच्याने गेल्या वर्षी उचल घ्यायची नाही असे ठरवले. म्हणाला, "मामू, तुमच्या शेडमध्ये बसतो. काम शिकवा." आमच्या आपाने साठवलेल्या पैशांतून त्याला ट्रिमर घेऊन दिला. पैसे संपले, बिटे राहिली. तेव्हा आम्हीच म्हणालो, "आता स्वस्तातली पेटी घे. हात बसला की चांगली घेऊ."

पेटी आली. बारा बिटे, लाल रंगाची, चकचकीत. पहिले काम घरचेच होते. भाच्याच्या दादांच्या पडक्या वाड्याच्या दाराची एक सागवानी फळी जपून ठेवलेली होती. धाकट्या बहिणीचा निकाह ठरला होता आणि त्या फळीची रेहल करून तिला द्यायची होती. वाड्यातले दुसरे लाकूड उरलेले नव्हते. होती ती एवढीच फळी.

भाच्याने कडेला गोलाई द्यायला सुरुवात केली. हातभर काम झाले आणि यंत्राचा आवाज बदलला. तो यंत्र उचलेपर्यंत बिट कॉलेटमधून खाली सरकत गेले, फळीत बोटभर खोल चर पडली, आणि मग बिट सुटून शेडच्या पत्र्यावर आदळले. पत्र्याला भोक पडले. डोळ्यांवर चष्मा नव्हता. बिट पत्र्याकडे गेले, भाच्याकडे आले नाही, याबद्दल अल्लाहचा शुक्र. आपा त्या दिवशी आम्हाला काहीच बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा जड गेले.

संध्याकाळी आम्ही व्हर्निअर घेऊन बसलो. ट्रिमरचे कॉलेट पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे. बिटाची दांडी ६ मिलिमीटरची. पेटीवर मात्र पाव इंच लिहिलेले. फरक ०.३५ मिलिमीटरचा, वहीच्या तीन-चार पानांच्या जाडीएवढा. कॉलेट आवळल्यावर पकड बसल्यासारखी वाटते, पण ती सगळीकडून नसते. यंत्र मिनिटाला तीस हजार फेरे घेऊ लागले, लाकडाचा भार आला, की दांडी घसरते.

म्हणून पहिला नियम: आधी दांडी बघा. आपल्याकडे ६ मिलिमीटर, पाव इंच, ८ मिलिमीटर, १२ मिलिमीटर आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, अशा दांड्या मिळतात. ६ आणि ६.३५ या दोन वेगळ्या दांड्या आहेत, १२ आणि १२.७ याही वेगळ्या. आपल्या यंत्राचे कॉलेट कोणते ते माहितीपुस्तिकेत बघा, दुकानात जाताना कॉलेट काढून खिशात घाला, आणि दांडी मोजूनच बिट घ्या. कागद गुंडाळून दांडी जाड करण्याचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका.

बिट बसवतानाही रीत आहे. आधी प्लग काढायचा. दांडी कॉलेटमध्ये तळापर्यंत घालायची आणि मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढून आवळायची. तळाला टेकवून आवळले तर कॉलेट नीट मिटत नाही. दांडीचा निदान २० मिलिमीटर भाग आत हवा. खोल खाच हवी म्हणून दांडी बाहेर ओढून काम करू नका. त्यासाठी लांब बिट घ्या.

दुसरी गोष्ट धारेची. साधी पोलादी म्हणजे एचएसएसची बिटे स्वस्त असतात आणि मऊ लाकडात नवीन असताना छान कापतात. पण आपल्याकडे काम कशात असते? प्लायवूडमध्ये, ज्यातला गोंद धार खातो. बाभळीत, जी मुळातच कठीण. सागात, ज्यात वाळूसारखा सिलिका असतो आणि धार लवकर बोथट होते. म्हणून कार्बाइडच्या टोकाचे, बाजारात ज्याला टीसीटी म्हणतात, ते बिट घ्यावे. घेताना तीन ठिकाणी नजर टाका. कार्बाइडची पट्टी जाड आहे का? पातळ पट्टीला पुन्हा धार लावता येत नाही. पट्टी दांड्याला जिथे जोडली आहे तिथे फट किंवा भोके दिसतात का? दिसली तर ठेवून द्या. बेअरिंग असेल तर बोटाने फिरवा; अडखळता कामा नये. बिटाचा रंग लाल, निळा की पिवळा, याने काहीच ठरत नाही.

तिसरी गोष्ट आकाराची. बारा बिटांच्या पेटीतली सात-आठ बिटे वर्षभर पेटीतच राहतात. नव्या हाताला पाच पुरतात:

१. ६ मिलिमीटरचे सरळ बिट. चौकटीत प्लायची फळी बसवायला खाच, लहान खोबणी, नक्षीच्या सरळ रेघा.

२. १२ मिलिमीटरचे सरळ बिट. फडताळाच्या फळ्यांसाठी. अठराच्या खाचेला अठराचे बिट घ्यायचा मोह होतो, पण १८ मिलिमीटर म्हणून विकले जाणारे प्लाय बऱ्याचदा थोडे पातळ निघते आणि फळी खाचेत हलते. बाराच्या बिटाने दोन फेऱ्यांत खाच केली की मापाला मापच बसते.

३. बेअरिंगचे फ्लश ट्रिम बिट. सनमायका कडेला बरोबर कापायला. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांचे काम करणाऱ्याचा दिवस याच बिटावर चालतो.

४. ३ मिलिमीटर त्रिज्येचे गोलाईचे बिट. मुलांच्या पलंगाच्या, चौकीच्या, पाटाच्या कडा हाताला लागू नयेत म्हणून.

५. ४५ अंशांचे उतार देणारे बिट. टेबलाच्या कडेला साधी, नेटकी रेघ येते.

ओजी, पानाफुलांची मोल्डिंगे, दरवाजाच्या पॅनेलची मोठी बिटे, हे सगळे काम आल्यावर एकेक घ्या. ५० मिलिमीटर व्यासाचे बिट लहान ट्रिमरला लावूच नका. हिशेब करून बघा. मिनिटाला ३०,००० फेऱ्यांना ५० मिलिमीटरच्या बिटाची कड ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने फिरते. त्या वेगाने सुटलेले पोलाद कशावर आदळेल हे आपल्या हातात राहत नाही. साधारण माप असे ठेवा: २५ मिलिमीटरपर्यंतच्या बिटाला २४,००० फेरे, ५० पर्यंत १८,०००, ६० च्या आसपास १६,०००, आणि ७५ च्या पुढे १२,००० किंवा कमी. बिटावर जास्तीत जास्त वेग कोरलेला असेल तर तोच शेवटचा शब्द. मोठ्या बिटांसाठी वेग कमी करता येणारे, अर्ध्या इंची कॉलेटचे राउटर आणि टेबल लागते.

आता भाच्याच्या फळीकडे परत येऊ. रात्री तो म्हणाला, "मामू, फेकून देऊ का?" आम्ही म्हणालो, "आधी मोज." चर एका टोकाकडे होती. तेवढा भाग कापला तर फळी चार बोटे आखूड होत होती. रेहल लहान होणार होती, पण होणार होती.

रेहल बघितली आहे सगळ्यांनी, पण ती एकाच फळीतून निघते हे पुष्कळांना ठाऊक नसते. फळीच्या मध्यावर बोटात बोट अडकवल्यासारखे सांधे दोन्ही बाजूंनी पटाशीने अर्ध्या जाडीपर्यंत कोरतात. मग दोन्ही टोकांकडून फळी जाडीत करवतीने उभी चिरत सांध्यापर्यंत आणतात. चीर पुरी झाली की फळी उघडते आणि कैचीसारखी उभी राहते. ना खिळा, ना बिजागरी. उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचे लाकूड कोरणारे कारागीर नक्षीदार कामासाठी देशभर ओळखले जातात. पण सांध्याचे काम कुठलाही सुतार हातानेच शिकतो. ते राउटरने होत नाही, हे आम्ही भाच्याला आधीच सांगितले. राउटरचे काम फक्त कडांचे आणि रेघांचे.

गोलाईसाठी पेटीतले ६ मिलिमीटर त्रिज्येचे बिट त्याला लावायचे होते. पण चिरल्यावर रेहलचे पान बारा मिलिमीटरच्या आतच उरते. दोन्ही बाजूंनी सहा-सहा घेतले तर बेअरिंगला टेकायला कडच उरत नाही आणि बिट लाकडात घुसते. म्हणून ३ मिलिमीटरचे घेतले. बाहेरच्या कडा फळी अखंड जाड असतानाच फिरवून घेतल्या, आतल्या कडा नंतर पॉलिश पेपरने.

फिरवताना दिशा पाळली. फळीच्या बाहेरच्या कडेने हातातले यंत्र घड्याळाच्या उलट दिशेने न्यायचे, चौकटीच्या आतल्या कडेने घड्याळाच्या दिशेने. असे केले की बिट आपल्याविरुद्ध कापते आणि यंत्र ताब्यात राहते. उलटे नेले तर ते हातातून पळते. आडव्या रेषांच्या टोकांची बाजू आधी, लांब बाजू नंतर; म्हणजे कोपऱ्यावर निघालेली ढलपी दुसऱ्या फेरीत साफ होते. आणि एका फेरीत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खोल जायचे नाही. घाई करणाऱ्याचे बिट जळते, आणि फार हळू चालणाऱ्याचे लाकूड.

जुन्या दाराच्या लाकडात खिळे असतात हेही विसरू नका. आम्ही साधे चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवले. एके ठिकाणी ते ओढले गेले. आत मोडलेला खिळा होता. तो काढला नसता तर नवे बिटही गेले असते.

बिट बोथट झाले हे ते स्वतः सांगते. लाकडावर काळे डाग पडतात, आवाज चिरका होतो, ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतो. पण लगेच टाकू नका. बऱ्याचदा धारेवर राळ चिकटलेली असते. बेअरिंग काढून बिट टर्पेंटाइनमध्ये थोडा वेळ ठेवा आणि जुन्या दातब्रशने घासा. धार लावायची तर डायमंडच्या पट्टीवर, पात्याच्या सपाट बाजूनेच. बाहेरच्या वळणाला लावली तर माप बिघडते आणि बेअरिंगशी जुळत नाही.

घरातल्या भगिनींना एक विनंती. शेड घराला लागून असेल तर भुसा घरात येऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले आहे. एमडीएफच्या भुशात फॉर्मल्डिहाइडही असते. रुमाल पुरत नाही. एन-९५ मास्क, डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे हवेत. हातमोजे मात्र नकोत, फिरत्या बिटात अडकतात. सैल बाही आणि गळ्यातला रुमालही काढून ठेवायला लावा.

राहिला पैशांचा प्रश्न. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, मुदत २०२७-२८ पर्यंत आहे. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आहे. वय १८ पूर्ण हवे, कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो, नोंदणी सीएससी केंद्रावर होते आणि गावात पडताळणी ग्रामपंचायत करते. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. पुढे ५ टक्के व्याजाने कर्जाचीही सोय आहे. व्याजाच्या कर्जाचा विचार ज्याने त्याने घरात बसून करावा. पण भत्ता आणि अवजारांची रक्कम हे कर्ज नाही, ती परत करायची नाही. आमच्या आपाने हे आधी विचारले असते आणि आम्ही नीट चौकशी करून सांगितले असते, तर तिची साठवण शाबूत राहिली असती.

रेहल निकाहच्या आदल्या दिवशी तयार झाली. नेहमीपेक्षा लहान, मांडीवर मावेल एवढी. वधूने ती उघडून मिटून बघितली आणि विचारले, "भाई, लहान का केली?" भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "बेटी, ती चूक आमची." कापलेला तुकडा, चरीसह, भाच्याने शेडच्या दारावर ठोकला आहे. लाल पेटी आम्ही भंगारात दिली. यंदा टोळ्या गेल्या तेव्हा तो शेडमध्येच होता. पुढच्या बिटासाठी गेवराईला निघाला तेव्हा कॉलेट आणि व्हर्निअर त्याच्या खिशात होते. आम्ही सांगितले नव्हते.