शेंडा खुडणारी बोटे

बँकेत होतो तेव्हा लातूर जिल्ह्यात पीककर्जाच्या पाहणीला जावे लागे. एका श्रावणात शेतावर पोहोचतो तो काय, घरची म्हातारी हिरव्यागार तुरीचे कोवळे शेंडे खुडत निघालेली! माझ्या पोटात गोळाच आला. कर्ज माझ्या सहीने दिलेले. "आजी, पीक कशाला मोडता?" ती हसली. "सायेब, शेंडा मोडल्याबिगर तूर फुटत न्हाई."

त्या बोटांत केवढे शास्त्र होते, ते मला पुढे वाचनातून कळले. झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संजीवक तयार होते. ते खोडातून खाली उतरते आणि पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवते. सायटोकायनिन हे दुसरे संजीवक त्याच डोळ्यांना जागे करते. शेंडा गेला की ऑक्सिनचा धाक सरतो, सायटोकायनिनचे पारडे जड होते आणि फांद्या फुटतात. जितक्या फांद्या, तितकी शेंगांना जागा.

नांदेडकडे अर्धापूरच्या केळीबागांतही हाच हिशेब आहे. केळीची ऊतिसंवर्धित रोपे तयार करताना प्रयोगशाळेत आधी सायटोकायनिन वाढवून कोंब वाढवतात, मग ऑक्सिन देऊन मुळे आणतात. स्कूग आणि मिलर यांनी १९५७ साली तंबाखूच्या पेशींवर दाखवून दिले, की नुसते संजीवक नव्हे, तर दोहोंचे प्रमाण ठरवते की कोंब येणार की मुळे.

म्हणूनच उधारीवर आणलेल्या 'टॉनिक'च्या बाटल्या पाहिल्या की माझ्यातला बँकवाला अस्वस्थ होतो. संजीवक म्हणजे खत नव्हे, की थोडे जास्त पडले तर चालेल. ऑक्सिनसारखेच काम करणारे २,४-डी जास्त मात्रेत रुंद पानांचे तण मारते. त्याचा वाऱ्यावर उडालेला फवारा शेजारच्या कपाशीची पाने वेडीवाकडी करतो. बाटलीत काय आहे, किती घालायचे आणि पिकाच्या कोणत्या वयात, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आजीला वय ठाऊक होते. पेरणीनंतर दीडेक महिन्याने खुडले तर फुटवा. फुलोऱ्यात खुडले तर फुलेच जातील. खर्च मात्र काहीच नाही.

त्या दिवशी अहवालात मी 'पीक समाधानकारक' एवढेच लिहिले. आज लिहायचे झाले, तर 'शेंडे वेळेवर खुडले आहेत' हे आधी लिहीन.