दुसऱ्या फेरीची साक्ष

डावपेचप्रधान भूमिकाखेळ म्हणजे चौकटींच्या पटावर आळीपाळीने सैनिक हलवून लढाया लढायच्या आणि त्या लढायांमधून दीर्घ कथा उलगडत न्यायची, असा व्हिडिओ गेमचा प्रकार. या प्रकारात कथेला मध्येच फाटे फुटण्याची पद्धत जुनी आहे. एखाद्या प्रसंगी खेळाडू कोणाची बाजू घेतो यावरून पुढच्या लढाया, सोबती आणि शत्रू बदलतात, आणि अशा प्रत्येक वाटेला खेळणारे ‘रूट’ म्हणतात. या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप क्षुल्लक नाहीत. हे फाटे म्हणजे एकच माल तीन वेष्टनांत विकण्याची युक्ती आहे, असे काहींचे म्हणणे आहे. सगळ्या वाटा अखेरीस एकाच ठिकाणी येऊन मिळतात, तेव्हा निवड हा केवळ आभास आहे, असे दुसरे म्हणतात. आणि ज्याला खरोखर काही सांगायचे आहे तो लेखक एकच कथा सांगतो, हा तिसरा आक्षेप तर सर्वांत वजनदार आहे. मात्र या आक्षेपांसमोर सहसा जो बचाव उभा केला जातो तोही तितकाच दुबळा आहे. ‘रिप्ले व्हॅल्यू’, म्हणजे गेम पुन्हा खेळण्याचे मूल्य, तो तासांत मोजतो आणि गेम जितका लांबला तितका तो सरस असे मानतो. प्रस्तुत लेखाला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पहिल्या वाटेवर खेळाडूने माणसांविषयी जो निवाडा केला, त्याची फेरतपासणी दुसरी वाट करते की नाही, यावर तिचे मूल्य ठरते. आणि ही फेरतपासणी जितक्या तीव्रतेने या प्रकारात होऊ शकते तितकी ती अन्य कथाप्रकारांत क्वचितच होते.

या दृष्टीने ‘टॅक्टिक्स ओगर: लेट अस क्लिंग टुगेदर’ हा गेम पाहण्याजोगा आहे. क्वेस्ट या जपानी कंपनीसाठी यासुमी मात्सुनो यांनी तो घडवला आणि १९९५ मध्ये तो सुपर फॅमिकॉम या यंत्रावर आला. व्हॅलेरिया नावाच्या बेटांवर वॉलिस्टर, गॅल्गास्टान आणि बाक्राम या तीन समाजांत सत्तेसाठी यादवी चालू आहे आणि कथानायक डेनम हा वॉलिस्टर या दुबळ्या समाजाच्या बाजूने लढणारा तरुण आहे. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी त्याला बाल्मामुसा या गावी पाठवले जाते. गॅल्गास्टानांच्या ताब्यातील या गावात वॉलिस्टर लोकांना सक्तीने राबवले जात असते, परंतु ते बंड करायला तयार नसतात. तेव्हा वॉलिस्टरांचा पुढारी ड्यूक रॉनवी याचा हुकूम येतो, की या आपल्याच लोकांची कत्तल करावी आणि तिचा ठपका गॅल्गास्टानांवर ठेवावा, म्हणजे संतापलेला समाज एक होऊन उठेल. हुकूम मानावा की झुगारावा, हे खेळाडूने ठरवायचे असते.

या प्रसंगाची ख्याती बहुधा निवडीच्या क्रौर्यामुळे आहे, परंतु त्याची खरी रचना डेनमचा बालमित्र व्हाइस याच्या भूमिकेत आहे. डेनमने हुकूम मानला तर व्हाइस तो धुडकावून लावतो आणि अन्यायाविरुद्ध उभा राहतो. डेनमने नकार दिला तर तोच व्हाइस कत्तलीत सामील होतो आणि तिचे खापर डेनमच्या माथी फुटून तो स्वतःच्याच लोकांत गुन्हेगार ठरतो. एकच वाट खेळलेल्याच्या मनात व्हाइसविषयी निश्चित मत तयार होते: एका वाटेवर तो सदसद्विवेक जागा असलेला मित्र, तर दुसऱ्या वाटेवर मत्सराने पोखरलेला विश्वासघातकी. दोन्ही वाटा चालून गेलेल्याला ही दोन्ही मते सोडून द्यावी लागतात. व्हाइसच्या मनात डेनमविषयीची जी ईर्षा आहे ती दोन्हीकडे सारखीच असते. डेनमने कोणती जागा रिकामी ठेवली, एवढ्यावरून ती ईर्षा एकदा सद्गुणाचे रूप घेते आणि एकदा अपराधाचे. माणसाचे चारित्र्य आणि त्याच्या वाट्याला आलेली जागा यांतील हा संबंध एकरेषीय कथेत कोणा पात्राच्या तोंडून सांगता येईल, पण तो पटवून देता येईलच असे नाही. इथे तो पटतो, कारण ज्या व्हाइसला खेळाडूने पहिल्या फेरीत शत्रू मानून तलवार उपसली होती, त्याचेच म्हणणे दुसऱ्या फेरीत बरोबर असल्याचे त्याला स्वतःच्या कृतीतून कळते.

यावर असे म्हटले जाईल, की चौथ्या प्रकरणापर्यंत या गेमच्या सगळ्या वाटा पुन्हा एकत्र येतात, शेवटचा शत्रूही तोच असतो, मग बाल्मामुसाच्या निवडीने साधले काय? हा आक्षेप निवडीची किंमत परिणामांच्या संख्येवर ठरवतो आणि तिथेच चुकतो. निवडीमुळे राज्यांची भवितव्ये बदलावीत ही अपेक्षा राजाच्या कथेत रास्त आहे. पण मात्सुनो यांनी रंगवलेला डेनम हा मोठ्या सत्तांच्या खेळातील एक तरुण सैनिक आहे, आणि मोठ्या सत्तांची गती एका सैनिकाच्या नकाराने फारशी बदलत नाही, ही या कथेची कठोर आणि विचारपूर्वक घेतलेली भूमिका आहे. बदलते ते हे, की शेवटच्या लढाईपर्यंत त्याच्या शेजारी कोण उभे आहे आणि कोणाचे रक्त त्याच्या हातावर आहे. इतिहासाचा प्रवाह एकत्र मिळतो, माणसे मिळत नाहीत.

याच गेमच्या २०१० सालच्या सुधारित आवृत्तीत ‘वर्ल्ड’ नावाची सोय आहे: कथा एकदा पूर्ण केल्यावर खेळाडूला तयार झालेल्या सैन्यासह मागील निर्णायक प्रसंगांवर परत जाता येते आणि दुसरा फाटा धरता येतो. परत जाण्याची मुभा मिळाली की निवडीचे ओझे उरत नाही, असा दोष या सोयीला दिला जातो. परंतु ही मुभा शेवट पाहिल्यानंतरच मिळते, हे विसरून चालणार नाही. पहिली निवड आंधळेपणी करावी लागते, तिचे फळ शेवटपर्यंत भोगावे लागते आणि नंतरच दुसरी बाजू तपासायला मिळते. मुभेचा हा क्रम उलटा असता तर आक्षेप योग्य ठरला असता.

इंटेलिजंट सिस्टिम्स आणि कोएई टेक्मो यांनी तयार केलेल्या आणि निन्टेन्डोने २०१९ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’ या गेममध्ये दोष आणि सामर्थ्य दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. खेळाडू हा एका मठातील सैनिकी विद्यालयाचा शिक्षक असतो आणि आरंभीच त्याने तीन गटांपैकी एक निवडायचा असतो. पाच वर्षांनंतर याच गटांचे नेते, म्हणजे एडेलगार्ड, दिमित्री आणि क्लॉड, तीन सैन्यांचे सेनापती म्हणून युद्धात उभे ठाकतात. यांतून एकंदर चार वाटा निघतात. पहिल्या भागातील बारा प्रकरणे जवळजवळ तीच असतात आणि ‘सिल्व्हर स्नो’ व ‘व्हर्डंट विंड’ या दोन वाटांवर तर उत्तरार्धातील कित्येक लढायाही त्याच असतात. विशेषतः आठवड्यामागून आठवडे मठात फिरून भेटी देणे, जेवणे आणि मासे पकडणे ही कामे चौथ्यांदा करताना काहीच हाती लागत नाही. एकच माल पुन्हा विकल्याचा आरोप या भागापुरता खरा आहे आणि गेमवर प्रेम असणाऱ्यांनीही तो मान्य केला पाहिजे.

तरीही त्याच गेममध्ये ग्रॉन्डरचे मैदान आहे. विद्यार्थिदशेत तिन्ही गटांची लुटुपुटूची लढाई जिथे झाली, त्याच मैदानावर पाच वर्षांनी तिन्ही सैन्ये खऱ्या शस्त्रांनी भिडतात. क्लॉडच्या बाजूने ही लढाई खेळणाऱ्याला दिमित्री हा सूडाने वेडा झालेला, मित्र आणि शत्रू यांत भेद न करणारा माणूस दिसतो. लढाई संपल्यावर तो एडेलगार्डच्या मागे धावत गेला आणि मारला गेला, ही बातमी नुसती कानावर येते आणि कथा पुढे सरकते. आता दिमित्रीची वाट, ‘अझ्युअर मून’, पाहावी. याच मैदानावरील याच लढाईनंतर एक तरुणी दिमित्रीवर शस्त्र उगारते, कारण तिचा भाऊ त्याच्या सैन्याच्या हातून मेलेला असतो. तो घाव दिमित्रीच्या वडिलांचा जुना मित्र रॉड्रिग स्वतःच्या अंगावर घेतो आणि प्राण सोडतो. आपल्या सूडाने दुसरा सूड जन्माला घातला, हे दिमित्रीला या मृत्यूने कळते आणि तिथून तो हळूहळू माणसांत येतो. ज्याने आधी क्लॉडची वाट खेळली त्याला या प्रसंगी एक जड जाणीव होते: ज्याला त्याने वेडा समजून मागे सोडले होते, तो सुधारण्याच्या उंबरठ्यावर उभा होता आणि त्याला वाचवण्यासाठी जवळ कोणीतरी असणे एवढेच कमी पडले होते. ही जाणीव कोणत्याही एका वाटेत लिहिलेली नाही. दोन वाटांच्या मधोमध, खेळाडूच्या स्मरणात ती तयार होते, आणि वाटांचे फाटे नसते तर ती निर्माणच झाली नसती.

अशा अनेकदर्शी कथनासाठी व्हिडिओ गेमची गरज काय, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. शिवाजी सावंत यांची १९६७ ची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी कर्णाबरोबरच कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांच्या मुखाने तीच कथा सांगते आणि वाचकाची सहानुभूती एका बाजूकडून दुसरीकडे वळवते. एकच कथा सांगणाऱ्या लेखकाचा जो आक्षेप वर नोंदवला, त्याला सर्वांत भक्कम आधार अशाच कृतींचा आहे. हे सर्व मान्य करूनही एक भेद उरतो. कादंबरीचा वाचक कर्णाच्या वधाचा साक्षीदार असतो. डावपेचप्रधान गेमचा खेळाडू तो वध स्वतः आखतो. कोणता धनुर्धर कुठे उभा करायचा, कोणाला आमिष म्हणून पुढे ठेवायचे, समोरच्या ओळखीच्या चेहऱ्याला किती घावांत लोळवायचे, याचा हिशेब तो थंड डोक्याने करतो. शिवाय पात्रांना प्रत्येक लढाईतून अनुभव देऊन, शस्त्रे शिकवून त्याने स्वतः वाढवलेले असते. १९९० साली पहिल्या ‘फायर एम्ब्लेम’मध्ये लढाईत मेलेला सोबती कायमचा जातो हा नियम आला, तेव्हापासून या प्रकारात सोबत्याचे मरण खेळाडूच्या चुकीशी जोडले गेले आहे. ज्या विद्यार्थ्याला पहिल्या फेरीत महिनोन्‌महिने घडवले, त्याच्याच विरुद्ध दुसऱ्या फेरीत व्यूह रचावा लागतो, तेव्हा दुसरी बाजू समजून घेणे हा बौद्धिक उदारपणा राहत नाही. तो स्वतःच्याच कृत्याचा जबाब होतो. हा जबाब वाचनातून मागता येत नाही.

फाट्यांची पद्धत जिथे खरोखर फसते ती जागा वेगळीच आहे आणि आक्षेपकांचे तिकडे फारसे लक्ष गेलेले नाही. २०१५ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘फायर एम्ब्लेम फेट्स’ या गेमच्या दोन वाटा, ‘बर्थराइट’ आणि ‘कॉन्क्वेस्ट’, स्वतंत्रपणे विकल्या गेल्या. जन्मदात्या होशिडोची बाजू घ्यायची की वाढवणाऱ्या नोहरची, हा प्रश्न कथेत सहाव्या प्रकरणात येतो, पण यांपैकी एकच प्रत विकत घेतलेल्याने त्याचे उत्तर दुकानातच देऊन टाकलेले असते. ज्यांची बाजू घ्यायची किंवा सोडायची त्या माणसांची ओळख होण्याआधी केलेली निवड ही निवड नव्हे. त्याहून मोठा अपराध तिसऱ्या वाटेचा, ‘रेव्हलेशन’चा आहे. दोन्ही राष्ट्रांच्या मागे एकच गुप्त शत्रू असल्याचे तिथे उघड होते, दोन्ही घराणी त्याच्याविरुद्ध एक होतात आणि आधीच्या दोन वाटांवर झालेला सगळा रक्तपात एका गैरसमजाच्या खात्यावर जमा होतो. सर्वांना वाचवणाऱ्या अशा वाटेला खेळणारे ‘गोल्डन रूट’ म्हणतात आणि तिची मागणी हौसेने करतात. परंतु ही मागणी पुरवणारा लेखक आधीच्या वाटांवर स्वतःच घातलेली किंमत परत करून टाकतो. दोन वाटा एकमेकींना साक्ष देतात. तिसरी सुवर्णवाट ती साक्षच रद्द करते.

स्क्वेअर एनिक्स आणि आर्टडिंक यांचा २०२२ मधील ‘ट्रायँगल स्ट्रॅटेजी’ या बाबतीत निम्मा विवेकी आहे. त्यात नायक सेरेनोआ एकट्याने निर्णय घेत नाही. सात सोबती तराजूत मत टाकतात आणि खेळाडूने गावात फिरून, माहिती गोळा करून त्यांचे मन वळवायचे असते. आश्रयाला आलेला राजपुत्र रोलांड शत्रूच्या हाती द्यावा की नाही, यावरील मतदान खेळाडूच्या इच्छेविरुद्ध जाऊ शकते, आणि हरलेल्या मताने पुढे चालणे ही राजकारणातील अत्यंत खरी अवस्था आहे. या गेमचे तीन नेहमीचे शेवट निर्भीड आहेत. उदाहरणार्थ, मिठाची मक्तेदारी असलेल्या हायझांटशी हातमिळवणी करून सुव्यवस्था मिळवायची तर मिठाच्या तळ्यावर राबणाऱ्या रोझेल लोकांची गुलामगिरी पत्करावी लागते, रोझेलांना घेऊन निघून जायचे तर मागे राहिलेला देश युद्धाच्या तोंडी द्यावा लागतो, आणि प्रत्येक वेळी जवळचा एक सोबती दुरावतो. एवढे लिहून झाल्यावर चौथा, सर्वांना तारणारा शेवट ठेवण्याचा मोह निर्मात्यांना आवरला नाही. तो मिळवण्यासाठी बरेच कष्ट पडतात हे खरे, पण कष्टांनी त्याचे समर्थन होत नाही.

यावरून निर्मात्यांकडे मागणी करायची ती अधिक वाटांची नव्हे. दोनच वाटा असाव्यात, पण त्यांतील प्रत्येक वाट दुसरीच्या नायकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारी असावी, पुन्हा कराव्या लागणाऱ्या किरकोळ कामांना कात्री लागावी आणि सर्वांना सुखी करणारी वाट ठेवू नये. खेळाडूंनीही पहिली फेरी संपताच आपल्या आवडत्या पक्षाची आणखी एक वाट शोधण्याऐवजी, ज्या सेनापतीला आपण सर्वांत आनंदाने मारले त्याच्या सैन्यात दुसरी फेरी सुरू करावी.