कपाट भिंतीपासून सरकवा

पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांवर बुरशी दिसली की घरोघरी डांबराच्या गोळ्या आणल्या जातात. माझ्या मते हा खर्च व्यर्थ आहे. गोळ्या कसरीसाठी, बुरशी वाढते ती ओलाव्यावर. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत २३ ग्रॅम बाष्प असेल, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के भरते. तीच हवा २५ अंशांच्या गार भिंतीला टेकली, की आर्द्रता शंभरावर पोचते! तेव्हा कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, आणि दमट कपडा आत मुळीच ठेवू नका. आलेली बुरशी घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, ब्रशाने झटकावी. मग कपडा धुऊन उन्हात वाळवावा. कोकणात जुलैमध्ये ऊन कुठले? तिथे पंख्याखाली.