बटणाआधी कान



गेल्या महिन्यात आमच्या बेळगावच्या मंडळीतले एक आजोबा प्रभूकडे गेले. घरची उपासना संपली, शवपेटी उचलायची वेळ आली, आणि कोणी सांगायच्या आतच आजींनी गीत सुरू केलं. ना क्रमांक, ना सूर लावून घेणं. गळ्यातून आलं तसं. आमच्या तरुण कीबोर्डवाल्याने साथ द्यायला हात ठेवले. त्याला सगळी गीतं पांढरी एकवरूनच येतात, पुढचं काम ट्रान्सपोजचं बटण करतं. आजींचा सूर काळी तीनच्या आसपास. बटण वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. दोन कडवी झाली तरी सूर काही सापडला नाही, शेवटी पोराने हात काढून घेतले.

त्याची चूक नाही. कीबोर्ड आम्हीच वर्गणी काढून आणला आणि शिकवायचं मात्र विसरलो.

संगीतात पुढे जायला काय लागतं, असं मुलं विचारतात तेव्हा आम्ही वाद्याचं मॉडेल सांगतो, क्लासची फी सांगतो. आमचं स्पष्ट मत आहे की आधी कान लागतो. जे बोटांनी वाजवायचं ते आधी गळ्याने गाता आलं पाहिजे, मग गळा गोड असो वा नसो. साधा सरगम पांढरी एक, काळी दोन आणि काळी चार, तिन्हींवरून बटण न दाबता वाजवावा. महिनाभर कंटाळा येईल. नंतर कोणी कुठूनही गीत उचललं तरी बोटं आपोआप तिथे जातात.

मंडळीला सूर देणं हेही कानाचंच काम आहे. एकट्या गायकाला शोभणारी पट्टी दोनशे जणांना झेपतेच असं नाही. चालीतला सर्वांत वरचा सूर मागच्या बाकावरच्या काकांना लागतो का, ते आधी पाहावं. नाही तर ध्रुपद आलं की अर्धी मंडळी गप्प होते, आणि आम्ही म्हणतो लोकांना गायची आवड राहिली नाही!

तालाचंही तसंच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीतं दिली, आणि आपण त्यांच्याखाली कीबोर्डचा तयार ठेका लावून देतो. गीत दादऱ्याच्या सहा मात्रांचं आणि यंत्र मोजतंय चार. शिवाय यंत्राला श्वास नसतो. ओळ संपल्यावर म्हातारी माणसं क्षणभर थांबतात, तेवढं थांबणं वादकाला यायला हवं. त्यासाठी टाळी देत गावं, शब्द पाठ करावेत. नोटेशन जरूर शिकावं, पण नजर सतत कागदावर असली तर समोरच्या माणसाचा श्वास कळत नाही.

ऐकणं म्हणजे रिकामं बसणं, असं मुलांना वाटतं. आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडले, तेव्हा काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. देवासला पडल्या पडल्या ते माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. पुढे त्यांच्या गायनात त्या धुना उतरल्या.

आणि शास्त्रातही पाहा. पहिल्या इतिहासाच्या 25व्या अध्यायात परमेश्वराच्या गायनात तरबेज केलेल्या 288 जणांची नोंद आहे. सेवेच्या चिठ्ठ्या टाकताना गुरू आणि शिष्य असा भेद ठेवला नाही. देवाला भाव पुरे, सराव कशाला, असं म्हणणाऱ्या आमच्या काही भावांनी हा अध्याय सावकाश वाचावा. भाव तर हवाच. पण त्या दिवशी आमच्या पोराच्या मनात भाव कमी नव्हता.

मंडळीच्या जुन्या हार्मोनियमचा भाता दुरुस्त करून आणला आहे. येत्या शनिवारपासून संध्याकाळी 6 वाजता सराव. कीबोर्डवर कापडच राहील. आजींनी यायचं कबूल केलं आहे. त्या मनाला येईल तिथून गीत उचलतील, मुलांनी सूर शोधायचा. आमचा कीबोर्डवाला पोरगा सगळ्यांत आधी येऊन बसणार म्हणतोय.