कोणाला हसलात?

आपल्या बारामती-इंदापूरकडच्या जत्रेत तमाशा पाहिलेल्यांना गवळणीतली मावशी ठाऊक आहे. कृष्ण दाण मागतो आणि ही गावच्या बोलीत त्यालाच फैलावर घेते. विडंबनाची गोडी इथूनच सुरू होते. मूळ गोष्ट सर्वांना पाठ हवी, आणि तिच्या थाटात आपल्या घरचे काहीतरी घुसायला हवे.

१९७५ च्या ‘शोले’त डाकू घोड्यांवरून येतात. मालेगावच्या शेख नासिर यांच्या ‘मालेगाव के शोले’त ते आले सायकलींवरून! व्हिडिओ पार्लर चालविणारा माणूस घोडे कुठून आणणार? २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात तर यंत्रमागावरचा एक हडकुळा कामगारच सुपरमॅन होतो. लोक पोट धरून हसतात. पण कमीपणा येतो तो बड्या सिनेमाच्या डौलाला, कामगाराला नव्हे.

आता मोबाईलवर अर्ध्या मिनिटाच्या नकला येतात. काही फक्कड असतात, नाही असे नाही. पुष्कळांत मात्र सिनेमा नावालाच. हसायचे ते काळ्या रंगाला, जाड बाईला, खेडवळ बोलीला. पोरे हसू लागली की आम्ही विचारतो, “कोणाला हसलात रे?” उत्तर यायला वेळ लागतो.